वाघमारे मॅडमची भिंत

अन्वी, परवा व्हिडिओ कॉलवर तू विचारलंस, "आजी, तुझ्या बाथरूमला टाइल्स का नाहीत? भिंत अशी अंड्याच्या कवचासारखी का दिसते?" आणि रोहननं मागून ओरडून विचारलं की ती पाण्यात विरघळत नाही का. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की भिंतीबद्दल सांगायचं तर आधी वाघमारे मॅडमबद्दल सांगावं लागेल. ते फोनवर होणारं काम नाही. म्हणून लिहायला बसले. मराठीत लिहिते आहे, कारण मॅडम इंग्रजीत मावत नाहीत. जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई हे म्हणते आहे, यावरून काय ते समजा. अडेल तिथं बाबाला विचारा.

प्रमिला वाघमारे आमच्या नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. मूळच्या लातूरच्या. स्टाफरूममध्ये आम्ही एकमेकींना विषयाच्या नावानं हाक मारायचो. मी इंग्लिश मॅडम, त्या केमिस्ट्री मॅडम. निवृत्तीनंतर त्या आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या तरी हाक तीच राहिली. लग्न केलं नव्हतं. उंच, भक्कम हाडाच्या, केस चापून बसवलेले, खांद्याला कापडी पिशवी. वर्गात त्यांची मराठी छापील पुस्तकासारखी असायची. वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच लातूर सुरू.

दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला त्या वर्गात एक प्लास्टिकची जुनी बादली घेऊन जायच्या. बादलीच्या आतून जाड, पांढरट थर चिकटलेला. ती टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, "ही बादली काय सांगते?" पोरं फिदीफिदी हसायची. शेजारच्या वर्गात मी कविता शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडून हशा यायचा, की समजायचं, बादली आली. मग मॅडम सांगायच्या, की ही लातूरची बादली आहे, बोअरच्या जड पाण्याची. जड पाण्यात क्षार असतात. त्यात साबण पडला की फेस होत नाही, साका होतो. तो साका पाण्यात विरघळत नाही, म्हणून बादली सोडत नाही. "तुमच्या आया ज्याला शिव्या देऊन घासत बसतात, ते आजपासून तुमचं रसायनशास्त्र."

एकदा प्राचार्यांनी त्यांना बोलावून सांगितलं, "मॅडम, व्याख्यानाच्या टेबलावर आंघोळीची बादली बरी दिसत नाही."

"खरंय सर," मॅडम म्हणाल्या. "उद्या तुमच्या घरची आणते. ती बरी दिसंल."

बादली पुढची कित्येक वर्षं त्याच टेबलावर येत राहिली.

त्यांची दुसरी सवय म्हणजे, जाईल तिथं भिंतीला हात लावायचा. बँक असो, दवाखाना असो, कुणाचं घर असो, आत गेल्या की पहिला तळहात भिंतीवर. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात नवं कोरं, सोनेरी रंगाचं मंगल कार्यालय होतं. सगळ्या स्टाफचा एकत्र फोटो काढला. तो अजून माझ्याकडे आहे. त्यात आम्ही सगळे कॅमेऱ्याकडे बघतो आहोत आणि मॅडम एकट्याच मागे वळून भिंत चाचपून बघत आहेत.

मी विचारलं, "काय बघता हो सारखं?"

"भिंतीला घाम आला पाहिजे, अन् तो वाळलाही पाहिजे. हिला तर ह्यांनी रेनकोट घालून ठेवलाय. आतल्या आत सडंल बिचारी."

मला तेव्हा ती केमिस्ट्रीची खोड वाटायची.

त्यांच्या अंगणात एक निळा ड्रम होता, त्यावर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, पाणी साठवून ठेवलंय. लातूरच्या माणसाला ती सवय असतेच. पण आत पाण्याखाली दह्यासारखा पांढराशुभ्र चुना होता. कळीचा चुना आणून तो पाण्यात विझवायचा आणि मुरत ठेवायचा. "जितका मुरंल तितका बरा," त्या म्हणायच्या. "तुमच्या घरी लोणच्याची बरणी, आमच्या घरी ही. माझा बाप चुन्याच्या भट्टीवर होता. माझ्या दारातला चुना संपत नसतो." हे त्या खाली मान घालून सांगत नसत. एखाद्यानं आपले वडील कलेक्टर होते म्हणून सांगावं, तसं सांगायच्या.

आता तुमच्या आबांकडे येते.

तुम्ही तेव्हा लहान होता. आबांच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि ते बरेच दिवस दवाखान्यात होते. घरी आले, पण खोकला जाईना. आपल्या बाथरूमच्या भिंतींना जुनी ओल होती. ती दिसू नये म्हणून आम्ही टाइल्सवरून प्लास्टिकचे पॅनेल ठोकून घेतले होते. डॉक्टर म्हणाले, ओल काढा. ठेकेदाराला बोलावलं. त्यानं कसलंसं केमिकल आणून सांध्यांतून आणि जमिनीवर लावलं. काडी ओढली तर घर पेटेल असा वास. त्या वासानं आबांचा श्वास असा अडकला, की पुन्हा दवाखाना. या वेळी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "यांना बुरशीही चालणार नाही आणि असला वासही चालणार नाही."

म्हणून शॉवर बंद झाला. सकाळी दवाखान्यातला एक ब्रदर यायचा आणि मागच्या मोरीत आबांना पाटावर बसवून बादलीनं आंघोळ घालायचा. मोरीला दार आहे, पण कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून ते उघडं. तुमचे आबा बँकेत मॅनेजर होते. शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय ते दूधवाल्यासमोरही गेले नाहीत. त्या मोरीत ते डोळे मिटून बसायचे. तक्रार केली नाही. एवढंच एकदा म्हणाले, "मला दार लावून आंघोळ करायची आहे. बाकी काही नको."

मॅडम आबांना बघायला आल्या त्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी चहाचा कप तसाच ठेवला, सरळ बाथरूममध्ये गेल्या आणि पॅनेलची एक कड धरून ओढली. पॅनेल कागदासारखं सुटून आलं. मागे काळीशार बुरशी, वरपासून खालपर्यंत.

बाहेर येऊन आबांना म्हणाल्या, "मुखेडकर साहेब, दमा तुम्हाला न्हाई झाला. तुमच्या बाथरूमला झालाय."

आबा कितीतरी दिवसांनी हसले.

"मग इलाज?" आबांनी विचारलं.

"चुना."

मी म्हटलं, "मॅडम, शॉवरखाली चुना? पाणी लागलं की धुऊन जाईल सगळा."

"इंग्लिश मॅडम, माझी बादली इसरलात का? चुन्यावर साबण घोटला की तोच साका होतो. पाण्याला दाद देत न्हाई. लातूरच्या बायांनी जन्मभर ज्याला शिव्या दिल्या, ते आपण भिंतीवर मुद्दाम बसवायचं."

पोळा झाला आणि काम सुरू झालं. देगलूर नाक्याचे सलीम मिस्त्री आले. हात चांगला, जीभही चांगली. ड्रम बघून म्हणाले, "मॅडम, चुना तो पान में अच्छा लगता. बाथरूम में कायकू?"

"पानात लावला तर एकाचं तोंड रंगतं, मिस्त्री. इथं लावा, तुमचं नाव रंगंल."

पॅनेल, टाइल्स, ठेकेदाराचा तो थर, सगळं खरवडून काढलं. धुळीचा त्रास नको म्हणून आबा तेवढे दिवस मॅडमच्या अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि ड्रमची राखण करायचे. उघडी झालेली भिंत मॅडमनी नुसती वाळू दिली. मिस्त्री रोज विचारायचे, "आज लगाऊं?" आणि मॅडम रोज तळहात लावून म्हणायच्या, "अजून रडायलीय. थांबा."

मग पहिला थर दिला, मुरलेला चुना, रेती आणि पक्क्या भाजलेल्या विटांची भुकटी यांचा. त्यात गुळाचं पाणी. मिस्त्री म्हणाले, "मुंग्या येतील की, मॅडम."

"आल्या तर त्यांनाच पहिली आंघोळ घाला. मुंग्या गूळ खातात हो, चुना न्हाई."

जमिनीला खडबडीत शहाबादी फरशी, पाय घसरू नये म्हणून. बसायला दगडाचा कट्टा, धरायला सागवानी दांडा. कोपरे त्यांनी गोल करून घेतले. म्हणाल्या, टोकदार कोपरा म्हणजे भेगेला दिलेलं आवतण. वरचा शेवटचा थर लोण्यासारखा मऊ चुन्याचा, आणि तो ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्यानं घोटायचा. गोटे गोदावरीतले. मॅडमच्या पिशवीत ते खुळखुळत असायचे. प्रत्येक गोटा आधी त्या स्वतःच्या गालावरून फिरवायच्या. गालाला टोचला की बाद.

शॉवरच्या मुख्य भिंतीचा शेवटचा थर झाला त्या दिवशी संध्याकाळी मॅडम म्हणाल्या, "आता हिला कुणी हात लावू नका. सावकाश वाळू द्या. घाई चालत न्हाई हिला." आणि ओलं पोतं दारावर टाकून घरी गेल्या.

आता आपल्या मराठवाड्यातली एक रीत सांगते. लग्न तोंडावर आलं आणि रंग ओला असला, की आपण भिंतीपुढं कूलर लावतो, टाकीत पाणी न घालता. तुमच्या बाबाच्या मुंजीतही लावला होता. आबांनी तेच केलं. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला दार लावायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. मी भाजी आणायला गेले होते. हा माणूस पाण्याचा तांब्या उचलायलाही उठत नव्हता. त्यानं हॉलमधला तो अवजड कूलर चाकांवरून ढकलत बाथरूमच्या दारापर्यंत नेला, पोतं बाजूला केलं आणि बटण दाबलं. मी आले तेव्हा कूलर घरघरत होता आणि आबा समोर खुर्चीवर समाधानानं बसले होते.

सकाळपर्यंत भिंतीवर बारीक भेगांचं जाळं पसरलं होतं, म्हाताऱ्या तळहातावरच्या रेघांसारखं.

मॅडम आल्या. भिंत बघितली, कूलर बघितला.

"बाई, मीच लावला," आबा म्हणाले.

मॅडम मिस्त्रींना म्हणाल्या, "काढा."

"मॅडम, उपरसे एक हात मारतो ना. किसको दिखेगा?"

"मला दिसंल."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मग मॅडम आबांच्या समोर जाऊन बसल्या. मला वाटलं, आता आबांना वर्गातल्या पोरासारखं उभं करणार. पण त्यांनी विचारलं, "साहेब, कूलर हॉलमधून इथवर कुणी आणला?"

"मीच."

"दम लागला?"

आबांनी विचार केला. "लागला. पण बसत-बसत आणला."

"म्हणजे हातात ताकद हाय. मग ऐका. नव्या थराला गोटा तुम्ही मारायचा. खालची अर्धी भिंत तुमची, वरची मिस्त्रीची. आपली आंघोळ, आपली भिंत."

दसरा उलटल्यावर तो थर पुन्हा दिला. आबा स्टुलावर बसले. मॅडमनी त्यांना रबरी हातमोजे आणि चष्मा दिला. आबा हातमोजे नको म्हणाले, पकड येत नाही म्हणून. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "माझ्या बापाला कुणी दिले न्हाईत. त्याच्या हाताला भेगा पडायच्या, भाकरी मोडताना रक्त यायचं. तुम्ही घाला." आबांनी मुकाट्यानं घातले. छोटी-छोटी वर्तुळं, मग थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा वर्तुळं. मॅडम त्यांच्या मागे उभ्या राहून बोलत राहिल्या. एरवी बापाची भट्टी होती याच्यापुढचं काही न सांगणाऱ्या मॅडम त्या दिवशी बोलल्या. त्यांच्या वडिलांच्या भट्टीचा चुना लातुरातल्या मोठ्या-मोठ्या घरांना लागला. पोती ओसरीपर्यंत नेऊन द्यायची आणि मागे फिरायचं. आत यायची परवानगी नव्हती. आपल्या चुन्याच्या भिंती आतून कशा दिसतात, ते त्या माणसानं कधी बघितलं नाही. ते मुलीला म्हणायचे, "पमे, शिक. अन् आत जा. हात लावून बघ, अन् मला येऊन सांग."

आबांचा हात थांबला होता. मॅडम म्हणाल्या, "थांबू नका साहेब, वाळंल."

मग साबण. करडईच्या तेलाचा, बिनवासाचा मऊ साबण मॅडमनी स्वतः केला होता. तो पाण्यात विरघळवून भिंतीवर लावला आणि पुन्हा गोटा. बघता-बघता भिंतीवर चमक चढत गेली. मिस्त्री दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "या अल्ला, ये तो संगमरवर हो गया." दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्या बायकोला बघायला आणलं.

दिवाळी आली, पण भिंत तयार नव्हती. मी मॅडमना गळ घातली, नुसतं दोन तांबे पाणी घेऊ द्या, सणाचं. त्या हलल्या नाहीत. "दिवाळी दरसाल येते. भिंत एकदाच होते." पहिल्या आंघोळीला पुन्हा ब्रदर, पुन्हा मोरी, पुन्हा उघडं दार. आबांनी उटण्याची वाटी माझ्या हातात परत दिली. "हे ठेवून दे," म्हणाले.

म्हणून आमची दिवाळी त्या वर्षी कार्तिकातल्या एका साध्या मंगळवारी झाली. मॅडम सकाळीच आल्या. ओंजळभर पाणी भिंतीवर मारलं. अळूच्या पानावरून पळावेत तसे थेंब पळाले. आबा टॉवेल खांद्यावर टाकून, उटण्याची वाटी हातात घेऊन उभेच होते.

"जा साहेब."

दार लागलं. मग शॉवरचा आवाज आला. आबा आत खोकतात का म्हणून मी कान देऊन उभी राहिले. ते खोकले नाहीत. थोड्या वेळानं काहीतरी बेसूर गुणगुणायला लागले. मी स्वयंपाकघरात जाऊन फराळाचा डबा काढला. मॅडमसाठी चकल्या मुद्दाम राखून ठेवल्या होत्या. त्या म्हणायच्या, "तुमच्या दिवाळीचं मला काही न्हाई, पण चकलीशी माझं भांडण न्हाई."

त्यानंतर आपल्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मॅडमनी आधी बाथरूम दाखवलं, मग चहा मिळाला. आबांची तब्येत विचारायला आलेल्या माणसाला त्या दारातूनच आत घेऊन जायच्या. "हात लावून बघा. ही माझी भिंत. खालची चमक साहेबांची." खरंच, अजूनही कमरेपर्यंतचा भाग वरच्यापेक्षा जास्त चमकतो. मिस्त्रींना हे आवडत नाही.

पुढे गुडघे थकले म्हणून भाचीनं त्यांना लातूरला नेलं. जाताना निळा ड्रम आपल्याकडे ठेवून गेल्या. चुना नेहमी पाण्याखाली असला पाहिजे, हे मी पाळते. तुम्ही याल तेव्हा भिंतीला ॲसिड किंवा लिंबू लावायचं नाही, साधा साबणच, हे तुम्ही पाळा.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला, की मॅडम गेल्या. मी आबांना सांगितलं. आपल्याकडे घरचं माणूस गेल्याचं कळलं की आंघोळ करतात. बाहेरच्या कुणासाठी करत नाहीत. आबा उठले, टॉवेल घेतला आणि म्हणाले, "मी आंघोळ करून येतो." मॅडम असत्या तर म्हणाल्या असत्या, "मेल्यावर कसली आंघोळ, साहेब?" पण त्या नव्हत्या, आणि आबांनी दार लावून घेतलं.

मला त्या आठवतात त्या मंगळवारच्या. चकल्यांची ताटली घेऊन मी बाहेर आले तर हॉलमध्ये मॅडम नव्हत्या. शोधत गेले. आमच्या बेडरूमची एक भिंत आणि बाथरूमची ती भिंत एकच आहे. इतकी वर्षं ओल तिथूनच फुटायची. मॅडम आमच्या बेडरूममध्ये त्या भिंतीशी उभ्या होत्या, डोळे मिटून, उजवा तळहात भिंतीवर पूर्ण टेकवलेला. पलीकडे पाणी पडत होतं आणि आबा गात होते. मी दारातच थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढला, तळव्याकडे बघितलं आणि मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी सांगावं तसं म्हणाल्या,

"कोरडी हाय."